फोन उघडतो खरा, पण पार्ट येणार कुठून?

"दादा, आमचं गुहागर तालुक्यात समुद्राला लागून छोटं होमस्टे आहे, चार खोल्या. बुकिंग, यूपीआयचे पैसे, पाहुण्यांना लोकेशन पाठवणं, सगळं माझ्या एका फोनवर चालतं. तीन वर्षांत हा माझा तिसरा फोन. पहिल्याचं चार्जिंग बंद पडलं, दुसऱ्याचा डिस्प्ले फुटला तर अकरा हजाराच्या फोनला साडेसहा हजार सांगितले म्हणून तो तसाच कपाटात आहे. आत्ताच्याचं मागचं झाकण एका बाजूने वर आलंय, पण चालतोय. भाचा नेदरलँड्सला असतो, गणपतीला येतोय. तो म्हणतो मावशी तुला फेअरफोन आणतो, स्क्रू काढून घरच्या घरी पार्ट बदलता येतात, आठ वर्षं बघायला नको. साठ हजार होतात, निम्मे तो घालतोय. आमचे हे म्हणतात एवढ्यात सगळ्या कलमांना खत येईल. मी काय करू?"
— एक वाचक, गुहागर तालुका

ताई, फोन कुठला घ्यायचा ते नंतर बोलू, आधी ते वर आलेलं झाकण. तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात पण माझं वाचताना तिथेच अडकलं. ती बॅटरी फुगलीय. लिथियमची बॅटरी जुनी झाली आणि गरम होत राहिली की आत गॅस धरतो, ती उशीसारखी फुगते आणि झाकण वर ढकलते. ते दाबून परत बसवू नका, रबरबँड लावू नका, आणि आजपासून तो फोन चार्जिंगला लावूच नका. आहे तेवढ्या चार्जिंगमध्ये कॉन्टॅक्ट आणि फोटो गुगलवर चढवून घ्या, मग बंद करा, सिम काढून घरातल्या दुसऱ्या कुठल्याही फोनमध्ये टाका आणि हा फोन पडवीत उघड्या फरशीवर ठेवा, सरपण-गवतापासून लांब. उशाशी अजिबात नाही. चिपळूणला दुरुस्तीला नेताना पिशवीत सुटा न्या, दाबला जाणार नाही असा, आणि काढलेली बॅटरी दुकानातच ठेवून या. आपल्याकडे पाल्यापाचोळ्याबरोबर हाताला येईल ते जाळायची सवय आहे, त्यात ही बॅटरी गेली तर फुटते, जवळ उभं असलेल्या माणसाच्या तोंडावर फुटते.

आता फेअरफोन. माझं उत्तर आहे, घेऊ नका. पण भाच्याने मनापासून सुचवलंय आणि त्याने निवडलेला फोन खरंच चांगला आहे, म्हणून का नको ते नीट सांगतो.

ॲमस्टरडॅमची ही कंपनी २०१३ पासून एकच गोष्ट धरून बसलीय, की फोन टिकला पाहिजे आणि बिघडला तर वापरणाऱ्याला उघडता आला पाहिजे. त्यांच्या फेअरफोन ५ चं झाकण नखाने निघतं आणि बॅटरी हाताने बाहेर येते, आपल्या जुन्या कीपॅडच्या फोनसारखी. २०२५ च्या जूनमध्ये सहावा आला ५९९ युरोला, त्यात बॅटरीला स्क्रू आहेत पण एका छोट्या स्क्रूड्रायव्हरने काम होतं, डिस्प्ले, कॅमेरा, चार्जिंगचं पोर्ट सगळं वेगवेगळं निघतं. पाच वर्षं वॉरंटी, आठ वर्षं सॉफ्टवेअर अपडेट. आणि ही माणसं बोलल्यासारखं वागतात हो, त्यांचा फेअरफोन २ हा २०१५ च्या शेवटी बाजारात आला, त्याच्या चिपचा सपोर्ट चिपवाल्या कंपनीने मध्येच बंद केला तरी यांनी स्वतः खटपट करून २०२३ च्या मार्चपर्यंत अपडेट दिले, म्हणजे सात वर्षं. मला त्यांच्याबद्दल खूप आदर आहे, बाकीच्या कंपन्यांना थोडीफार लाज वाटून त्यांनी सुधारायला सुरुवात केली त्यात या छोट्या कंपनीचा वाटा आहे असं मी मानतो.

पण हा फोन विकला जातो तिकडे, पार्ट मिळतात तिकडे आणि वॉरंटीही तिकडचीच. समजा पुढच्या मे महिन्यात, ऐन सीझनला, तुमच्या हातून तो विहिरीच्या कट्ट्यावर पडला. डिस्प्ले बदलणं दहा मिनिटांचं काम, कबूल. पण डिस्प्ले आहे नेदरलँड्समध्ये. भाच्याने मागवायचा, कुरिअरला द्यायचा, कस्टममधून सुटायची वाट बघायची आणि तोवर तुमची बुकिंगं कोण घेणार? बॅटरीचं तर त्याहून अवघड, सुटी लिथियम-आयन बॅटरी प्रवासी विमानातून माल म्हणून पाठवायला २०१६ च्या एप्रिलपासून जगभर बंदी आहे, त्यामुळे ती साध्या पार्सलासारखी पाठवता येत नाही, कोणीतरी प्रवासी हँडबॅगेत घालून घेऊन येणार तेव्हा मिळणार. म्हणजे गणपती ते गणपती. बरं, दोन बॅटऱ्या आधीच आणून कपाटात ठेवू म्हणाल तर बॅटरी नुसती पडूनही म्हातारी होते, आपल्या उकाड्यात तर लवकर. आणि अजून एक, जिओचं नेटवर्क ४जी आणि ५जीच आहे, त्यावर साधा कॉलसुद्धा व्हीओएलटीईवरूनच, म्हणजे ४जीच्या डेटावरूनच जातो, आणि फोन भारतात विकायला नसेल तर इथल्या नेटवर्कवर तो नीट चालेल याची जबाबदारी घेणारं इथे कोणी नसतं. तुमच्या धंद्यात फोन लागलाच नाही तर पाहुणा शेजारच्या होमस्टेला जातो.

आपल्याकडे दुरुस्ती एसटीने मोजायला लागते ताई. सकाळच्या गाडीने गेलात आणि संध्याकाळच्या गाडीने बरा झालेला फोन घेऊन घरी आलात तर तो फोन दुरुस्त होणारा. तुम्हाला चिपळूण पंचेचाळीसेक किलोमीटर, तेवढ्या वर्तुळात पार्टही पाहिजे आणि तो बसवणारा हातही पाहिजे. तो हात आपल्याकडे आहे, आणि त्याची किंमत आपल्याला कळत नाही याचं मला वाईट वाटतं. २२ जुलै २०२१ ला चिपळूणचा बाजार वाशिष्ठीच्या पुराखाली गेला तेव्हा माझ्या ओळखीच्या एका रिपेअरवाल्याचं दुकान छतापर्यंत भरलं होतं, सगळी मशिनं गेली, गिऱ्हाइकांचे फोन गेले. चिखल उपसून झाल्यावर तो एक टेबल, एक हीट गन आणि जुना मायक्रोस्कोप घेऊन परत बसला आणि पहिले कित्येक महिने लोकांचे पुरात भिजलेले फोनच साफ करत होता, का तर लोकांचे फोटो त्यात होते, लग्नाचे, गेलेल्या माणसांचे. तो मला सांगतो, फोन घ्यायला आलेल्या माणसाने कॅमेरा किती मेगापिक्सेलचा ते विचारण्याआधी तीन भावांची चौकशी करावी, फोल्डर कितीला, बॅटरी कितीला, सीसी बोर्ड कितीला. फोल्डर म्हणजे काच, टच आणि डिस्प्ले एकत्र आलेला पुढचा भाग, आणि सीसी बोर्ड म्हणजे खालची चार्जिंगची छोटी पट्टी.

तुमचेच दोन फोन बघा ना. पहिल्याचं चार्जिंग गेलं. बऱ्याच साध्या अँड्रॉइड फोनांत चार्जिंगचं पोर्ट मेन बोर्डावर नसतं, या वेगळ्या पट्टीवर असतं, ती पाचशे ते हजारात बदलून मिळते, तुम्ही तो फोन कोणाला दिला नसेल तर पहिला तो दाखवा, कदाचित परत उभा राहील. दुसऱ्याच्या फोल्डरला साडेसहा हजार, म्हणजे फोनच्या निम्म्याहून जास्त. हे घेतानाच कळलं असतं तर तो फोन घेतलाच नसता. मी माझ्यापुरता हिशोब ठेवलाय, फोल्डर फोनच्या तिसऱ्या हिश्शाहून महाग असेल तर तो फोन मी घरात आणत नाही, मग तो कितीही छान दिसो. वाकड्या कडांचे डिस्प्ले आणि मागे काच असलेले फोन तर आपल्या वाटेला नकोतच, मागे प्लॅस्टिक बरं, पडलं तर फुटत नाही आणि उघडतानाही जपायला लागत नाही.

आता खरा तिढा, आणि हा आपल्या किनाऱ्यावरच्या लोकांनीच समजून घ्यायचा आहे कारण पुण्याच्या माणसाला तो एवढा लागू नाही. सहज उघडणारा फोन आणि पाणी आत न घेणारा फोन या दोन गोष्टी एकमेकींना ओढतात. फोन धूळ-पाणी किती सोसतो त्याला आयपी नंबर देतात, फेअरफोनला आयपी ५५ आहे, म्हणजे पाण्याचा फवारा सोसेल पण बुडवलेला चालणार नाही. गोंदाने पॅक केलेले फोन आयपी ६७, ६८ चे मिळतात, ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. पण ती चाचणी गोड्या पाण्यातली, नव्या फोनवरची. समुद्राचं पाणी वेगळं. ते वाळलं तरी मीठ मागे राहतं, मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि पोर्टमध्ये करंट चालू असताना ओलं मीठ बसलं की पिना हिरव्या पडायला दिवस लागत नाहीत. घराचे पत्रे आणि खिडक्यांचे गज कसे खातात ते तुम्हीच रोज बघता, फोनमधल्या पिना तर केसाएवढ्या.

यात मी स्वतः होरपळलोय. काही वर्षांमागे माझ्याकडे आयपी ६८ चा महाग फोन होता, दोन वर्षांनी बॅटरी उतरली म्हणून एका दुकानात बदलून घेतली, बॅटरी छान बसली. सहा महिन्यांनी भाट्याच्या किनाऱ्यावर लेकीचे फोटो काढताना लाट आली, फोन दोन-तीन सेकंद पाण्यात गेला असेल, मी पुसला आणि खिशात टाकला, वॉटरप्रूफ आहे म्हणून निर्धास्त. तिसऱ्या दिवशी बंद पडला तो कायमचा. उघडल्यावर कळलं की बॅटरी बदलताना कडेचं सील नवीन लावलेलंच नव्हतं, जुन्याच गोंदावर झाकण दाबलं होतं. कंपनीने सांगितलं पाण्याचं नुकसान वॉरंटीत येत नाही. फोनचं सोडा, माझ्या वडिलांचे शेवटच्या वर्षातले फोटो त्यात होते आणि बॅकअप नव्हता. ते परत आले नाहीत. म्हणून सांगतो, सीलबंद फोन एकदा उघडला की त्याचा तो आयपी नंबर विसरायचा, आणि बॅटरी बदलताना सील नवीन लावा, पैसे देतो, असं तोंडाने म्हणून उभं राहायचं.

दोन्ही एकत्र होतच नाही असंही नाही बरं का. सॅमसंगचा एक्सकव्हर ७ म्हणून फोन २०२४ मध्ये भारतात आला, त्याची बॅटरी हाताने निघते आणि तरी आयपी ६८ आहे, झाकणाच्या आतून रबराची कड आहे. म्हणजे करायचं ठरवलं तर करता येतं, कंपन्या करत नाहीत एवढंच. किंमत सत्तावीस हजाराच्या आसपास होती. पण तो मुख्यतः कंपन्यांना कामगारांसाठी विकायला काढलेला, बॅटरी ४०५० एमएएचची म्हणजे आजकालच्या ५००० पेक्षा कमी, प्रोसेसर साधा, आणि आपल्या बाजारातल्या रिपेअरवाल्याच्या ड्रॉवरमध्ये त्याचा फोल्डर सापडणं कठीण. होडीवर जाणारा कोणी विचारता तर मी त्याला हाच शोधून बघ म्हटलं असतं. एचएमडीचा स्कायलाइनही २०२४ मध्ये घरी उघडता येईल असा म्हणून आला, त्याचीही कल्पना चांगली पण रस्त्यावर दिसतो का कोणाच्या हातात? जो फोन जास्त खपतो त्याचेच पार्ट बाजारात असतात, आपल्या गावात सगळ्यात जास्त दिसणारा फोन हाच बहुतेक वेळा सगळ्यात दुरुस्त होणारा फोन असतो.

तर तुमच्यासाठी माझं म्हणणं असं, साठ हजार नकोत, वीस ते पंचवीस हजारात बसा, भरपूर खपणाऱ्या कंपनीचं भरपूर खपणारं मॉडेल, बाजूच्या बटणात फिंगरप्रिंट असलेलं आणि अपडेट लांबपर्यंत मिळणारं. अपडेटचं मी मुद्दाम सांगतो कारण हार्डवेअर टिकलं आणि अपडेट थांबले तर थोड्या वर्षांनी बँकेची ॲप जुन्या अँड्रॉइडवर चालायची बंद होतात, आणि तुमचा सगळा गल्ला त्या ॲपमध्ये आहे. सॅमसंगच्या ए १६ आणि ए २६ ला सहा वर्षं अपडेट सांगितलेत, त्यात ए २६ ला आयपी ६७ पण आहे, ए १६ ला ५४ म्हणजे फक्त शिंतोडे. मी कुठल्या कंपनीचा माणूस नाही, दुसऱ्या कंपनीचा अशाच अटीत बसणारा मिळाला तर तो घ्या, फक्त घ्यायच्या आधी चिपळूणला जाऊन ते तीन भाव विचारा, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्येही आणि बाहेरही. सरकारचं राइट टू रिपेअर पोर्टल २०२२ च्या डिसेंबरपासून आहे, तिथे कंपन्यांची दुरुस्तीची माहिती एका जागी मिळते. कोणी पार्ट द्यायला किंवा वॉरंटी पाळायला नकार दिला तर १९१५ वर फोन करा, ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीत बोलता येतं.

युरोपात २० जून २०२५ पासून कायदाच झालाय, मॉडेल विकायचं बंद केल्यावरही सात वर्षं पार्ट द्यायचे, पाच वर्षं अपडेट द्यायचे, बॅटरी ८०० वेळा चार्ज-डिस्चार्ज झाल्यावरही किमान ऐंशी टक्के राहिली पाहिजे, आणि फोनच्या लेबलवर दुरुस्तीची श्रेणी छापायची. भाच्याला हे माहीत असेल, त्याच्या डोळ्यासमोर तेच जग आहे. आपल्याकडे अशा श्रेणीसाठी नेमलेल्या समितीने २०२५ च्या मे मध्ये केंद्राला अहवाल दिलाय. ते लेबल आपल्या फोनच्या बॉक्सवर यावं असं मला फार वाटतं, कारण फोन दुरुस्तीला सोपा की अवघड हे जे तुम्हाला फोन फुटल्यावर कळलं ते घेतानाच दुकानात वाचता आलं असतं.

फिंगरप्रिंट बाजूला असलेलाच घ्या असं का म्हटलं ते राहिलं. महाग फोनांत तो डिस्प्लेच्या खाली असतो. डिस्प्ले फुटला, ओरिजिनल परवडला नाही आणि स्वस्त कॉपी फोल्डर टाकला की फिंगरप्रिंट बहुतेक वेळा बंद पडतो, रंग फिके दिसतात आणि बॅटरीही जास्त खातो. बाजूच्या बटणात असेल तर फोल्डर कुठलाही बसवा, अंगठा चालतो. फोल्डर एकवेळ कॉपी चालेल, बॅटरी मात्र कॉपी नको, त्यावर छापलेला आकडा खरा असेलच असं नाही आणि फुगलेली बॅटरी काय असते ते आता तुमच्या पडवीत आहेच. बॅटरीला पाचशे वाचवू नका. आणि फोन दुकानात सोडून यायचा असेल तर सिम काढून घ्या, सेटिंगमध्ये मेंटेनन्स मोड असेल तर तो लावा, म्हणजे कारागिराला फोन तपासता येतो पण तुमचे फोटो, मेसेज दिसत नाहीत. बाईमाणसाने तर हे करायलाच हवं, त्यात त्या कारागिरावर अविश्वास वगैरे काही नाही.

आपण आगोटीची बेगमी करतो ना, सुकट, पापड, लाकडं भरून ठेवतो, तसं मेच्या शेवटी फोनचंही करा. बॅकअप घ्या, बॅटरी लवकर उतरत असेल तर पावसाच्या आधीच बदला, घरात एक साधा जुना फोन चार्ज करून ठेवा ज्यात तुमचं सिम बसतं. ओल्या हाताने, मासळी साफ करता करता फोन चार्जिंगला लावू नका, पोर्ट ओलं वाटलं तर दोन-तीन तास पंख्याखाली ठेवा, मग वायर लावा. रात्री खिडकीत चार्जिंगला ठेवणं बंद, खारं वारं सगळं तिथूनच येतं. समुद्रात पडलाच तर लगेच बंद करा, आयपी ६७ वाला असेल तर गोड्या पाण्याने वरून धुवा, मीठ निघू दे, साधा असेल तर न धुता तसाच रिपेअरवाल्याकडे पळवा, तो उघडून अल्कोहोलने साफ करेल. तांदळात घालून बसू नका. तांदूळ मीठ काढत नाही, त्याची पूड मात्र पोर्टमध्ये जाते, आणि जे दोन दिवस तो फोन तांदळात असतो त्याच दोन दिवसांत बोर्ड खाल्ला जातो.

राहिला भाचा. त्याला वाईट वाटेल म्हणून तुम्ही हो म्हणाल अशी मला भीती आहे. त्याला हे पत्र वाचायला द्या. आणि मावशीला काही द्यायचंच असेल तर त्याला सांगा की फोनचे अर्धे पैसे इथे आल्यावर घाल, आणि येताना तिकडून बारीक स्क्रूड्रायव्हरचा एक चांगला सेट आण, तो चिपळूणच्या रिपेअरवाल्याला द्यायचा, आपल्याकडे मिळतात त्यांची टोकं चार महिन्यांत झिजतात. गणपतीत एक दिवस काढून दोघं मिळून चिपळूणला जा, कपाटातला फुटलेला फोनही बरोबर घ्या, फोल्डरचा बाहेरचा भाव आता उतरला असेल. तो उभा राहिला तर तुमचा पावसाळ्यातला दुसरा फोन झाला. काय भाव सांगितला तो मला कळवा, गुहागर-दापोलीकडचे अजून दोघं-तिघं हेच विचारतायत.